शेवटचं गाणं कुणासाठी?

रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाने मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये धरला, मान तिरकी केली... आणि शैला त्याच्याकडे टक लावून पाहू लागली. तोंडावर मास्क, डोक्यावर लोकरी टोपी. पण असं तिरकं होऊन ऐकणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता.

"राजन?"

तो वळला. आधी डोळे हसले. "शैला! अगं, दीड मीटर लांब राहा हं... दंड होईल!"

"तीस वर्षं लांबच आहे मी. दीड मीटरचं काय कौतुक सांगतोस?"

युट्रेख्ट या डच शहरातली दुकानं कोरोनामुळे बंद होती. रेकॉर्ड हवी असेल तर आधी ऑर्डर द्यायची आणि बर्फात उभं राहून दारातूनच पिशवी घ्यायची. दोघांच्याही पिशवीतून सोल म्युझिकच निघालं. निघणारच!

वाखनिंगनच्या विद्यापीठात शिकत असताना दर शुक्रवारी तळघरातल्या क्लबमध्ये राजन हेडफोन कान आणि खांद्यामध्ये दाबून रेकॉर्ड लावायचा आणि शैला नाचायची. नाचायची म्हणजे काय! त्या अमेरिकन ठेक्यावर तिने मंगळागौरीच्या पिंग्याची पावलं बसवली होती. ताडमाड डच पोरं कमरेवर हात ठेवून तिच्यामागे घुमायची. त्या तळघराची ती राणी होती, आणि हे सांगताना ती आजही लाजत नसे. लाजायचं कशाला? तिची लेक चैत्राली मात्र डोळे विस्फारायची, "आई, यू? इन अ क्लब?"

शैलाचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. राजनचं लग्न टिकलं नव्हतं. "रविवारी चहाला ये," तो म्हणाला, "रेकॉर्ड ऐकू."

रविवारी त्याच्याकडे जाताना तिने स्वतःला बजावलं... तेव्हा वाट पाहून पाहून थकले. आजही हा मूग गिळून बसला, तर पुन्हा या दारात यायचं नाही.

चहात साखर जास्त होती, आलं मात्र अगदी बेताचं. त्याने रेकॉर्ड लावली आणि शैलाला राहवेना. गुडघे कुरकुरले, पण पाऊल चुकलं नाही! राजन बघतच राहिला.

"तेव्हाही नुसता बघायचास," ती धापा टाकत म्हणाली. "एकदाही नाचायला आला नाहीस."

"येणार कसा? तीन मिनिटांत रेकॉर्ड संपायची, दुसरी कोण लावणार? पण शेवटचं गाणं दर शुक्रवारी तुझ्यासाठीच असायचं."

"माझ्यासाठी? मग सांगायचं ना!"

"गाणं लावलं म्हणजे सांगितलंच की!"

"अरे शहाण्या, त्यावर अख्खा क्लब नाचायचा! मला वाटायचं, ते त्या सोनेरी केसांच्या मार्लेनसाठी असेल..."

दोघं हसत सुटले. हसता हसता शैलाचे डोळे भरून आले. तिच्या नाचावर कुणीतरी इतका जीव टाकला होता, आणि तिला पत्ताच नव्हता. ऊर अभिमानाने भरला आणि दुखलाही.

संचारबंदीची वेळ जवळ आली. तिने कोट चढवला.

"उद्या येशील?"

"उद्या तुझा शेजारी नळ बघायला येणार आहे म्हणालास ना? कोरोनाच्या नियमाने दिवसाला एकच पाहुणा चालतो."

"ती अट पाहुण्यांना... घरच्या माणसाला नाही."

शैलाचा हात बटणावरच थांबला. "हे विचारणं झालं, की पुन्हा गाणंच लावतोयस?"

राजनने प्लेअर बंद केला. टेबलाला वळसा घालून तो तिच्यासमोर आला, अगदी जवळ. या वेळी शब्द अगदी स्पष्ट होते.

"विचारतोय. शैला... माझ्याबरोबर राहशील?"

"इतका वेळ लागतो होय रे?" ती म्हणाली, आणि कोट काढून तिने खुंटीला अडकवला.