आईचं मिनिट

सोलापूरच्या मनोमापन प्रयोगशाळेत त्या दुपारी तीनच माणसं होती. वयद्वार नावाचं यंत्र घडवणाऱ्या डॉ. हर्षदा मुळीक, ते तपासायला सरकारी समितीकडून आलेले मेंदूतज्ज्ञ डॉ. बशीर इनामदार, आणि खिडकीखाली फरशीवर चिंचोके पसरून बसलेली हर्षदाची दहा वर्षांची जुई. शाळेला सुट्टी होती.

"आई, एक डाव. कबूल केलं होतंस."

"एक मिनिट हं, सोन्या."

जुईनं चिंचोका उडवला, झेलला आणि स्वतःशीच गुणगुणली,

"एक मिनिट म्हणे गं, आई माझी कामाची
पेरला मी चिंचोका, सावली आली चिंचेची."

"ऐकलंत सर? गाण्यातून टोमणे!" हर्षदा कौतुकानं हसली आणि पडद्याकडे वळली.

नवा कायदा आला होता. जुगार, मारकाट, मुलांनी पाहू नये असं इंटरनेटवर जे जे होतं, त्याची दारं सोळा वर्षांखालच्यांना बंद व्हायची होती. पण दारात उभं कोण आहे, हे ओळखायचं कसं?

"ओळखपत्र मागावं तर माणसाची सगळी कुंडली भलत्याच्या हाती," इनामदार म्हणाले. "चेहरा बघावा तर आमच्या गल्लीतल्या पोरांना नववीतच मिशा!"

"म्हणून मी नाव विचारत नाही आणि तोंडही बघत नाही. पडद्यावर बोट ठेवायचं. एक मिनिट झालं असं वाटलं की उचलायचं. बस्स."

"मनात आकडे मोजले तर?"

"यंत्र कानात उलटसुलट आकडे पुटपुटत राहतं. मोजणी मोडते. मग उरतं ते आतलं घड्याळ. मी त्याला मनघटिका म्हणते. मुलांची घटिका वासरासारखी उधळते. मिनिट सरायच्या आत त्यांना वाटतं, झालं की! वय वाढतं तशी ती संथ होत जाते."

"आणि एखाद्यानं मुद्दाम ताणलं?"

"बोटातली नाडी चाहूल देते. दार बंद."

इनामदारांनी समाधानानं मान हलवली. त्यांनी होकार दिला की वयद्वार राज्यातल्या प्रत्येक फोनवर बसणार होतं. हर्षदाची उमेदीची सगळी वर्षं त्या होकारासाठी थांबली होती.

"शेवटची चाचणी," ते म्हणाले. "जुई, येतेस का बेटा?"

जुईनं हात फ्रॉकला पुसले, कानात यंत्र घातलं, बोट ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरी करून आला. जुई खिडकीबाहेरची खार बघत होती. काटा पुन्हा निघाला. हर्षदाचं हसू हळूहळू मावळलं. काटा आणखी एकदा फिरून आला, तेव्हा कुठे जुईनं बोट उचललं.

पडद्यावर अक्षरं उमटली : प्रौढ. प्रवेश खुला.

"ताणलंस ना गं?"

"नाही, आई. खरंच."

नाडीची रेघ तळ्यातल्या पाण्यासारखी निवांत होती. पोरगी खोटं बोलत नव्हती.

इनामदार तिच्याजवळ उकिडवे बसले. "मग एवढा वेळ थांबलीस कशी?"

"थांबले कुठे, काका? आईचं मिनिट एवढंच असतं."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. आभाळ निळं असतं म्हणावं, तसं ती म्हणाली.

इनामदार खदखदून हसले, आणि मध्येच थांबले. "बाई, तुमचं यंत्र चुकलं नाही. घड्याळ वयानं संथ होतं असं आपण धरून चाललो. ते वाट बघूनही होतं."

हर्षदानं पडद्यावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

"म्हणजे ज्या लेकरांकडे बघायला घरात कुणाला सवड नाही..."

"त्यांनाच हे दार सताड उघडं."

आणि कायदा केला होता तो आधी त्यांच्याचसाठी. हर्षदानं हात पुढे केला, पडदा मालवला. उमेदीची सगळी वर्षं त्या काळ्या काचेत गेली. काचेत मागे बसलेली जुई दिसत होती, पुन्हा चिंचोके मांडणारी.

"आता समितीला काय कळवू?" इनामदारांनी हळूच विचारलं.

"एक मिनिट हं, सर," हर्षदा म्हणाली. पदर खोचून ती फरशीवर बसली. "आण इकडे. पहिला डाव माझा."

"अहं, माझा!" जुई म्हणाली. "मी केव्हाची बसलेय."

इनामदारांनी खुर्ची ओढून घेतली आणि ऐसपैस बसले. हे मिनिट केवढं असतं, ते त्यांना आता ठाऊक होतं.