पाचवा वण

नौबादच्या बसथांब्यामागं पंचशीलाचं बायंडिंगचं दुकान आहे. राजेश्वर गावचा धनराज भर दुपारी पंच्यात गुंडाळलेली पोथी घेऊन आला, तेव्हा ती शाळेच्या हजेरीपटांना पुठ्ठे चढवत होती.

पोथी गुरांच्या औषधांची, हातानं लिहिलेली. पंचशीलानं ती आधी हुंगली, मग कणा चाचपला. बकऱ्याचं कातडं, डाळिंबाच्या सालीत कमावलेलं. आत कागदावर कागद चिकटवून केलेली, लाकडाइतकी कडक पाटी. शिलाई रेशमाची. असं काम तिनं कधी हातात धरलं नव्हतं.

पण वरच्या कातड्यावर आडवे वण होते, वेगवेगळ्या दोऱ्यांनी शिवलेले.

"कुऱ्हाडीचे हायत," धनराज म्हणाला. "पणज्याच्या बापानं पोथी छातीशी धरली, म्हणून वाचला. मग पणजा, आजा, माझे अप्पा. चौघांवर वार झाले, चौघंबी वाचले. दरवेळी मारणाराच मेला."

"मारणारे कोण?"

"घरचेच. सख्खे भाऊ."

पंचशीलानं बोटानं मोजले. पुन्हा मोजले.

"अण्णा, पाच हायत."

पाचवा शिवलेला नव्हता. त्याच्या कडा पांढरट होत्या, आत ओल होती. धनराजनं त्यात बोट घातलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"सकाळी नव्हता हा," तो म्हणाला. "मीच गुंडाळली की पोथी."

"तुमी हितं आलाव ते कुणाला म्हाईत हाय?"

"हरिओमला. माझ्या भावाला. पोथी त्याला पायजे म्हणून भांडायलाय."

बाहेर मोटरसायकल थांबली.

हरिओम आत आला. कुऱ्हाड त्यानं पायाशी सरळ धरली होती, शेतावर निघाल्यासारखी.

"पोथी खाली ठेव," तो म्हणाला.

धनराजनं पोथी छातीशी आवळली.

कुऱ्हाड आली. पातं पाचव्या वणात बसलं, म्यानात बसावं तसं. कातडं तसूभरही नवं फाटलं नाही.

धनराजच्या हाताला टेबलावरची रापी लागली, पंचशीलाची कातडं तासायची. पहिला वार हरिओमच्या जबड्याखाली बसला. हरिओमनं टेबल धरलं. हजेरीपट भिजत गेले.

"अण्णा, बास," तो म्हणाला.

पंचशीलानं धनराजचं मनगट धरलं. त्यानं तिला भिंतीवर फेकलं.

दुसरा वार. तिसरा. नंतर तिनं मोजलं नाही.

धनराजचे डोळे मिटलेले होते.

तो तुरुंगात गेला, पोथी पुराव्यात. तीन महिन्यांनी हरिओमची बायको रेणुका कोर्टाच्या हुकमानं ती सोडवून थेट दुकानात आली.

"एवढा एक वण शिवून द्या, अक्का."

"हिरीत टाक ती, बाई."

"भावजी बुधवारी जामिनावर सुटायलेत. पोथी मागायला येतील." रेणुका थांबली. "रिकाम्या हातानं न्हाई यायचे."

दरवेळी मारणाराच मेला, हे धनराजचं बोलणं पंचशीलाला आठवलं. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, तोवर हातांनी सुई ओवली होती. कातडं आतून उबदार लागत होतं, जित्या जनावराच्या कानासारखं. शेवटची गाठ मारून तिनं पोथी पुढं केली आणि नजर फिरवली.

रेणुकानं पोथी पदराखाली छातीशी धरली. ती नेमकी कुठं बसते हे कळेपर्यंत, अंगाला चोळीचं माप लावून बघावं तशी ती हळूहळू वर-खाली सरकवत राहिली.