शिंपीकाकांनी घेतलेलं माप

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि शाळा लवकर सुटल्यामुळे भारी शब्द मला येत नाहीत. गोष्टही माझी नाही. आमच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणारे एक काका आहेत. रात्रपाळीला वीज गेली आणि आम्ही पोरं अंधारात बसलो, तेव्हा त्यांनी ती सांगितली. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला तो त्यांचा शेजारी, दोन्ही घरांत एकच भिंत. मी ऐकलं तसं लिहितो.

हा शेजारी कवळ्या बनवायचा. डॉक्टर फक्त तोंडाचं माप घेतात. त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा, हे काम दुसराच माणूस करत असतो. तो हा. सगळे त्याला कवळीवालाच म्हणायचे. दवाखान्याच्या मागे त्याची एक अरुंद खोली होती. फळ्यांवर पांढरेफेक जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर स्पिरिटचा दिवा, सगळीकडे प्लास्टरची पूड.

"रात्री भीती नाही वाटायची त्याला?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"तुला तुझ्या मशीनची वाटते का? मग! पुढे ऐक."

तर अशा या माणसाच्या स्वतःच्या तोंडात, उजवीकडे खाली, अगदी टोकाला, अक्कलदाढ आडवी पडली होती. हिरडीखाली, हाडात, पुढच्या दाढेला डोकं टेकून झोपलेली. वर येईना आणि गप्पही बसेना. महिना-दीड महिना गेला की ठणका सुरू. कान दुखायचा, डोकं दुखायचं, गालाचा लाडू व्हायचा.

पुढच्या बाजूच्या डॉक्टरबाईंनी फोटो काढून पाहिला. म्हणाल्या, "ही ओढून निघायची नाही. हिरडी उघडून, हाड थोडं कोरून, दाढेचे तुकडे करून काढावी लागेल. ते काम मोठे डॉक्टर करतात. दर गुरुवारी येतात, तेव्हा या."

गुरुवारी गेला. मोठे डॉक्टर म्हणाले, "एवढ्या सुजेत भूल चढणार नाही. आधी गोळ्या घ्या, सूज उतरली की या." गोळ्या घेतल्या, सूज उतरली. पुढच्या गुरुवारी गेला, तर मोठे डॉक्टर भाचीच्या लग्नाला गेलेले. त्याच्या पुढच्या गुरुवारी वीज नव्हती. मग दुखायचंच थांबलं आणि हा पठ्ठ्या स्वतःच गेला नाही. उरलेल्या गोळ्या खिडकीत तशाच पडून राहिल्या. महिन्याभराने पुन्हा पहिल्यापासून सगळं.

त्यात माणसं. ज्याला सांगावं तो एकच विनोद करायचा, आणि तोही आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा. मेहुणा तर दारातूनच ओरडायचा, "काय दाजी, अक्कल आली का?"

"अडकलीय."

"तरी ताई म्हणतेच, तुमची अक्कल आडवी म्हणून!"

बायको तोंडाला पदर लावून हसायची. हा गाल धरून ताटावरून उठायचा. दिवसभर लोकांना दात करून द्यायचे, आणि घरी भात कालवून, पातळ करून गिळायचा. चीड येणार नाही तर काय?

याच दिवसांत शिंपीकाकांची कवळी त्याच्याकडे आली. शिंपीकाका म्हणजे मागच्या गल्लीतले म्हातारे शिंपी. कवळीवाल्याच्या लग्नाचा शर्ट त्यांनीच शिवलेला. वरचे-खालचे सगळे दात गेलेले, बोलायला लागले की निम्मा शब्द हवेत जायचा. त्यांचं मागणं एकच होतं. "मला एक सफरचंद अख्खं हातात धरून चावायचंय रे. नात किसून भरवते. मी काय तान्हा आहे?"

पण कवळी काही जमेना. मेणात बसवलेले दात डॉक्टरबाई काकांच्या तोंडात लावून बघायच्या आणि परत पाठवायच्या. डावीकडे टेकतं, उजवीकडे फट राहते. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

याचं कारण सांगतो. कवळीवाल्याला एक खोड होती. लहान मुलाला भरवताना आई जसं आपलंच तोंड उघडते, तसा हा दात बसवताना स्वतःचा जबडा मिटून-उघडून बघायचा. चावण्याचं माप मेणाच्या पट्टीवर घेतलेलं असतं, ते समोर असायचं, आणि त्या मापाने दोन्ही साचे जबड्यासारख्या उघडमिट करणाऱ्या एका यंत्रात अडकवलेले असायचे. पण इतक्या वर्षांत त्याचा त्या पट्टीपेक्षा आपल्या जबड्यावर विश्वास जास्त. आणि आता दुखणारी उजवी बाजू वाचवायला त्याचा जबडा वाकडा मिटत होता. हातही तसेच वाकडे चालत होते. दुसऱ्याच्या तोंडात हा आपलं दुखणं बसवत होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

डॉक्टरबाई एकदा चिडल्याच. "माप बरोबर आहे हो! तुम्ही यंत्रावर बसवता की स्वतःच्या तोंडावर?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. शिंपीकाका बाहेर बाकावर बसले होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "शर्ट असता तर मीच उसवून शिवला असता. हे काय माझ्या हातात नाही बाबा."

ते त्याला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. तो म्हणाला, "काका, शुक्रवारी सकाळी देतो. या वेळी चुकणार नाही."

आता तो गुरुवार. नोव्हेंबर महिन्यातला दुसरा गुरुवार होता. थंडी पडायला लागली होती. सकाळी उठला तर तोंडात चमचा जाईना. डॉक्टरबाईंनी जबड्याखाली बोटं लावून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मोठे डॉक्टर? त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली होती, आज येणार नव्हते.

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "सूज खाली उतरायला लागलीय. गळ्याकडे गेली, थुंकी गिळता येईना, तर कुणाची वाट बघायची नाही. रात्र असो, पहाट असो, सरळ मोठ्या इस्पितळात. आत्ताच गेलात तर आणखी बरं. श्वास कोंडतो यात, कळलं का?"

त्याने मान हलवली आणि मागच्या खोलीत जाऊन कामाला बसला. मनात म्हणाला, इस्पितळात तरी काय वेगळं सांगणार? सूज आहे, नंतर या. बस झालं हे या-जा करणं.

रात्री बायकोचा फोन आला. "अहो, कुठे आहात? आवाज असा काय येतोय?"

"येओ," तो म्हणाला. येतो म्हणायचं होतं.

"काही येओ नाही, ताबडतोब घरी या. नाहीतर मी भावाला पाठवते."

मेहुण्याचं नाव निघाल्यावर याने फोनच बंद केला.

दाराला आतून कडी घातली. डाव्या हाताने स्वतःचा जबडा घट्ट धरून ठेवला, हलू दिला नाही. उजव्या हाताने दात बसवत गेला. या वेळी फक्त मेणाच्या पट्टीवरच्या मापाने. यंत्राची बिजागरी मिटली. दोन्ही बाजू एकदम टेकल्या. फट नाही. तो बघतच राहिला. साधी गोष्ट, आणि त्यासाठी म्हाताऱ्याला किती हेलपाटे घालायला लावले.

अकरा वाजून गेले होते. रस्त्यावरची वर्दळ बंद झाली होती. थुंकी गिळवत नव्हती, तो फडक्यात टिपत होता. अंगात ताप. वाटलं, सकाळी बघू. थोडं डोकं टेकू.

त्याने टेबलावर डोकं टेकलं.

(इथे आमच्या बॉयलरवाल्या काकांनी बिडी विझवली.)

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. जाग आली ती थंडीने. खोली एकदम गार झाली होती. स्पिरिटचा दिवा जळत होता, पण ज्योत हलत नव्हती. जरासुद्धा नाही.

समोरच्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं.

शिंपीकाका.

हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारलेली. थंडीमुळे बांधलं असेल, असं त्याला वाटलं. गळ्यात मापाची फीत लोंबत होती. हात मांडीवर. नजर याच्याकडे.

काका, एवढ्या रात्री? सकाळी देतो म्हटलं होतं ना... हे त्याला म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही.

"बोलू नकोस," काका म्हणाले. "मान वर कर."

त्याने मान वर केली. का केली, ते त्याला आजही सांगता येत नाही.

फीत गळ्याभोवती आली. गार होती. ओली असावी अशी गार.

"लग्नात पंधरा होता."

फीत थोडी ओढली गेली.

"आता साडेसोळा."

मग ते थांबले. बाहेर कुत्रंसुद्धा नाही. याला आपला श्वास ऐकू येत होता. करवत चालावी तसा.

"सतरा."

फीत तीच. हात तेच. गळाच वाढत होता...

आणि तेव्हा त्याला एक गोष्ट लक्षात आली. शब्द स्वच्छ येत होते. एकही अक्षर हवेत जात नव्हतं. दात नसलेल्या माणसाचे शब्द... त्याने डोळे तिरके करून यंत्राकडे पाहिलं. दात तिथेच होते. मेणात, मिटलेले.

त्याने काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

ओठ हलत नव्हते.

"साडेसतरा."

फीत आवळली. की गळा? श्वास आत जाईना. त्याने दोन्ही हातांनी फीत धरायला पाहिलं... हाताला काही लागलं नाही. नुसता स्वतःचा गळा. दगडासारखा टणक.

जबड्याखाली काहीतरी कोरडं टेकलं. पुढून मागे सरकत गेलं. हळूच. कापडावर हात फिरवावा तसं.

"इथे."

मग काहीच नाही...

"इथे," पुन्हा. कानाशी. "ऊठ."

तो उठला. स्टूल पडलं. दाराची कडी आतून घातलेली होती, तशीच. ती काढताना हात दोनदा घसरला. मागे पाहिलं नाही. पाठीमागे फीत गुंडाळल्याचा बारीक आवाज... आणि तो रस्त्यावर.

स्कूटर कशी चालवली, ते त्याला आठवत नाही. इस्पितळाच्या दारात तो पडला, एवढं त्याला नंतर सांगितलं. इथे मात्र कुणी नंतर या म्हणालं नाही. तसाच उचलून आत नेला, बाहेरून गळ्याला चीर देऊन पू काढला आणि ती दाढही त्याच रात्री तुकडे करून काढून टाकली.

सकाळी डोळे उघडले तेव्हा गळ्यात नळी, गळ्याभोवती पट्टी, गालात कापूस. बायको शेजारी बसली होती. डोळे सुजलेले.

"डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास थांबले असते तर संपलंच होतं," ती म्हणाली. "फोन कशाला बंद करता हो? भाऊ खोलीवर पोचला तर दार उघडं आणि तुम्ही नाही, मग रात्रभर शोधत होता तुम्हाला. रडला माहितेय, इथे येऊन." मग जरा थांबून म्हणाली, "आणखी एक वाईट बातमी आहे. आत्ता सांगू नये खरं म्हणजे. शिंपीकाका गेले. काल संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी. मशीनवर बसल्याबसल्या. तोंड मिटत नव्हतं म्हणून फडक्याने बांधून ठेवलंय. थोड्या वेळाने नेतील."

तो छताकडे बघत पडून राहिला. तापात दिसलं असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. मग हाताने खूण करून कागद मागितला. अक्षर वेडंवाकडं आलं. लिहिलं: "टेबलावर यंत्रात दात आहेत. मेणासकट काढ. त्यांना नेण्याआधी पोचव. त्यांच्या तोंडात बसतील."

बायकोने वाचलं. पिशवी उचलली आणि गेली.

मग सिस्टर पट्टी बदलायला आली. जुनी पट्टी सोडली, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि जबड्याखाली, चिरेच्या दोन्ही टोकांना, जोरजोराने घासायला लागली.

"काय हो, काल रात्री आमच्याआधी आणखी कुठल्या डॉक्टरांना दाखवलं होतं?" तिने विचारलं.

त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"मग ही निळी रेघ कोणी मारली? साहेब रात्री विचारत होते. त्यांनी बरोबर हिच्यावरच चीर घेतली. खडूची दिसतेय, शिंपी कापडावर मारतात तसल्या. रात्री दोनदा पुसली, आता पण पुसतेय. जातच नाही बघा."

तिने नवा बोळा भिजवला. त्याने हात वर केला, तो बोळा तिच्या हातातून काढून घेतला आणि शेजारच्या भांड्यात टाकला.