सांजेनंतर डोंगा निघत नाही

सूर्य वैनगंगेच्या पाण्याला टेकायच्या बेतात होता. गोकुळा कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन धापा टाकत घाटावर पोचली, तेव्हा नावाडी आपला डोंगा रेतीवर ओढून घेत होता.

"भाऊ, थांबा. मले पलीकडं जाचं आहे."

"सकाळी."

"सकाळी जाऊन काय करू? नाटक आज आहे. राजाचा अंगरखा माह्या डोक्यावर आहे."

त्यानं वळून पाहिलं. सावळा, उंच, गुडघ्यापर्यंत भिजलेला... आणि डोळ्यांत लपवता न येणारं हसू.

"मंग राजाले आज उघड्या अंगानं राज्य करा लागन," तो म्हणाला. "दिवस बुडाला का मी डोंगा काढत नाई, बाई."

गोकुळानं विनवलं, मग ती रागावली. तो दोर खुंट्याला बांधत राहिला.

"कोणासाठीच नाई काढत?" तिनं शेवटी विचारलं.

"कोणासाठीच नाई. माह्या बापाले लोकायले नाई म्हणता येत नव्हतं. एका लग्नाच्या वऱ्हाडापाई अंधारात गेला, अन्... वऱ्हाडाले पोचवलं त्यानं. वापस येताना भोवऱ्यात सापडला." त्यानं नदीकडं पाहिलं. "बसा थोडं. वडश्याच्या बैलगाडीले अजून टाइम आहे."

गोकुळा गाठोड्यावर बसली. तिचा बापही नदीवरचाच, मासे धरणारा. तो गेल्यावर तिनं वडशात स्टेशनमास्तरच्या बायकोकडून शिवण शिकून घेतलं होतं आणि जुनी मशीन घेऊन स्टेशनजवळ दुकान मांडलं होतं. दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम. कंपनीची माणसं जेवताना हाक मारत, आंघोळीला गेली तर दार वाजवत. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटेल, ही धास्ती. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण मशीन चालूच.

आज, कितीतरी दिवसांनी, हात रिकामे होते. काय करावं त्यांचं, तेही तिला समजेना.

आणि तेवढ्यात आभाळ वाजू लागलं.

उत्तरेकडून करकोचे येत होते. एक रांग, तिच्यामागं दुसरी, मग रांगा मोजण्यापलीकडं गेल्या. तांबड्या उजेडात पंख चमकत होते. त्यांची घोगरी साद नदीवर, रेतीवर, पलीकडच्या जंगलावर पसरत गेली. मधल्या बेटावर ते उतरू लागले, तशी रेतीच जिवंत होऊन हलल्यासारखी दिसली. गोकुळाच्या अंगावर काटा आला. आपण उभ्या कधी राहिलो, हे तिला कळलं नाही.

"रोज येतात?" तिनं अगदी हळू विचारलं.

"थंडीभर. रोज."

रोज... आणि ती वडशात, इतक्या जवळ, मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती.

दुसऱ्या दिवशी नाटक कंपनीचे मालक गुणवंतराव तणतणत आले. "राजानं पाटलाची शाल पांघरून पार्ट केला! लोकायनं टाळ्या देल्या ते नशीब." मग त्यांनी नवं गाठोडं पुढं टाकलं. "हे आज रातच्याले पायजे."

गोकुळानं ते हळूच त्यांच्याकडं परत सरकवलं.

"उद्या दुपारी भेटन, भाऊ. दिवे लागले का माही मशीन बंद."

"ब्रह्मपुरीतले शिंपी मेले नाईत," गुणवंतराव म्हणाले, आणि गाठोडं उचलून चालते झाले. आतून तिची आई मैनाबाई कपाळाला हात लावून पाहत राहिली.

दोन-चार दिवस दुकानात माशी फिरकली नाही. एका संध्याकाळी गोकुळा मशीनवर कापड झाकून थेट घाटावर गेली – भांडायला.

"मनसारामभाऊ, तुमच्यापाई माहा धंदा बुडून राह्यला."

आता तिला त्याचं नाव ठाऊक झालं होतं. तो जाळं सुकवत होता. "मी काय केलं?"

"तुमचं पाहून मी पण नाई म्हणणं शिकली."

"मंग भेव लागून राह्यलं असन."

"लय."

"मलेही लागते," तो म्हणाला. "पाटील बोंबलतो ना, तवा वाटते, काढावा डोंगा. तरी दोर बांधतो." जरा थांबून तो म्हणाला, "एक गोष्ट बोलू? रागवू नोका..."

"बोला, भाऊ."

"ते भाऊच सोडा. बाकी काईही म्हणा."

गोकुळानं पदर सावरला आणि तोंड नदीकडं फिरवलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. वर करकोच्यांची पहिली रांग दिसू लागली होती; गोकुळा एकेक पाखरू मोजू लागली.

मग ती येतच राहिली. हळूहळू कामंही आली. खेड्यांतली छोटी मंडळं दिवसाच कापड देऊन जात. एका दुपारी गुणवंतरावही येऊन बसले, चहा प्यायले आणि राणीच्या चोळीचं माप देऊन मुकाट्यानं गेले. सगळं काम मात्र परत आलं नाही. बरंचसं ब्रह्मपुरीतच राहिलं. गोकुळाला त्याची रुखरुख लागे. पण आता मान दुखत नव्हती, आणि आईच्या ताटाशी बसून तिला गरम भात खाता येत होता.

होळी जवळ आली. त्या संध्याकाळी करकोचे बेटावर उतरलेच नाहीत. आकाशात उंच, फार उंच, ते गोल गोल चढत गेले, जणू कुणी अदृश्य जिना लावला होता, आणि उत्तरेकडं वळले.

"चालले," मनसाराम म्हणाला. "आता दिवाळीनंतर."

एवढंसं पाखरू, आणि केवढं आभाळ ओलांडायचं... गोकुळाचे डोळे भरून आले. शेवटचा ठिपका विरेपर्यंत दोघं मान वर करून उभे होते.

"आता इथी पाहाले काई नाई," तो चाचरत म्हणाला. "तू... येशीन का मंग?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"तुले काय वाटते?"

"मले वाटते..." त्यानं श्वास घेतला. "माह्या गुणा मावशीले तुह्या आईकडं पाठवू का? मागणी घालाले?"

नदी गुलाबी होऊन थबकली होती. गोकुळानं सावकाश त्याच्याकडं पाहिलं.

"पाठव. पण सकाळच्यानं पाठवजो. दुपारी माह्याकडं गिऱ्हाईक रायते."

"अन् सांजेले?"

"सांजेले," गोकुळा म्हणाली, आणि त्याच्या शेजारी रेतीवर बसली, "सांजेले मी तुह्यापाशी रायते."