कपाटाखालची पाचर

"हात नका लावू, बाई! आजच्या दिवशी तरी दूर राहा!"

कोकिळेचे ते शब्द ऐकले मात्र, कपाटाकडे निघालेला पुष्पाबाईंचा हात तिथंच थबकला... जावेनं, धाकट्या बहिणीसारखं जपलेल्या जावेनं हे बोलावं!

आज कोकिळेच्या लेकीचं, गीताचं लग्न. वऱ्हाडाच्या बैलांच्या दमण्या देऊळघाट गावच्या शिवेवर आल्याची वर्दी येऊन गेली होती, आणि गीताचा शालू न् दागिने ज्यात होते ते लोखंडी कपाट काही केल्या उघडत नव्हतं!

ते कपाट पुष्पाबाईंच्या माहेरचं आंदण. पती माणिकराव ऐन तारुण्यात गेले, तेव्हा माहेरचे पाट लावून पुन्हा संसार मांडून द्यायला तयार होते. पण पदराला धरून रडणाऱ्या लहानग्या दिराकडे, किसनकडे पाहून त्यांनी नकार दिला आणि उभं आयुष्य या घरावरून ओवाळून टाकलं... पुढे त्याची लेक गीता तर त्यांच्याच मांडीवर वाढली. आणि काल संध्याकाळी कोकिळेची मावशी सत्यभामाबाई म्हणाली, "शुभकार्याचं सामान विधवेच्या खोलीत ठेवता काय वं?" झालं! भरलेलं कपाट चौघांनी उचलून नव्या फरशीच्या खोलीत नेलं.

आता किसनराव घामाघूम झाले होते. कुलपात तेल सोडून झालं, दुसरी किल्ली लावून झाली, दारावर बुक्क्या मारून झाल्या.

"यायनंच काही करून ठेवलं असन," सत्यभामाबाई पुटपुटली. कोकिळेनं संशयानं जावेकडे पाहिलं, आणि ती नजर पुष्पाबाईंच्या काळजात आरपार गेली.

डोळे भरून आले... पण पुष्पाबाईंची खोड काही जाईना! एखादी गोष्ट अडली, की ती काऊन अडली हे कळल्याशिवाय त्यांना लहानपणापासून घास जात नसे. किल्ली तर फिरते. आत टक्‌ वाजतंही. म्हणजे कुलूप धड आहे. मग मूठ काऊन वळत नाही? त्या दारातूनच न्याहाळू लागल्या. अगंबाई, एक दार वर चढलेलं, दुसरं खाली उतरलेलं! इतक्यात किसनरावांनी चिडून धक्का मारला, कपाट डुगडुगलं, आणि त्याचा मागचा एक पाय फरशीच्या वर अधांतरी दिसला.

किसनरावांनी पहार उचलली.

"थांब, किसन! तोडू नको! जरा दम धर!"

त्या आपल्या खोलीत धावल्या. रिकाम्या जागी, शेणानं सारवलेल्या भुईत बाभळीची एक पाचर अजून रुतलेली होती. आंदण बैलबंडीतून येताना कपाटाचा एक पाय वाकला होता, तेव्हा माणिकरावांनी स्वतः तासून ती तिथं बसवली होती... पुष्पाबाईंनी ती उपसली, पदरानं पुसली, क्षणभर कपाळाला लावली.

"तुह्या दादाच्या हातची हाय, किसन. कपाट तिरपं झालं म्हणून दारं फसली. उचल जरासं."

"वैनी, हात चेंगरन तुमचा!"

"तू धरशील न? मंग मले भ्या नाही."

किसनरावांनी खांदा लावून कपाट उचललं. पुष्पाबाईंनी गुडघ्यावर बसून पाचर सरकवली आणि हात काढून घेतला. पुन्हा किल्ली फिरली, मूठ वळली... आणि दार उघडलं!

पुष्पाबाई मागे सरल्या. "काढ शालू, कोकिळा. मी जाते माह्या खोलीत."

कोकिळेला हुंदका आवरेना. तिनं जावेचा तोच अडवलेला हात धरला. "मले माफ करा, बाई! लोकाचं ऐकून मी तुमाले दूर लोटलं... शालू तुमीच काढा!"

"अवं पण कोकिळे..." सत्यभामाबाई पुढे झाली.

"मावशी, तुमी मांडवात बसा."

"मोठीआई, तूच नेसव मले," गीता म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली. पुष्पाबाईंनी शालू काढला.

किसनराव डोळे पुसत म्हणाले, "उद्या लोहाराले आणतो, वैनी. पाय सरळ करून घेऊ."

"लोहार नको न् काही नको," कोकिळा म्हणाली. "कपाट बाईच्या खोलीत न्या, त्याच्या जागेवर."

पुष्पाबाई रडता रडता हसल्या. "न्या... पण पाचर विसरू नका, बाबांनो!"