कलम नऊ

अकोट्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात मधुवंतीच्या हातून भाडेकरार निसटला, तो थेट घरमालकाच्या मुलाच्या पायाशी. उन्मेषनं उचलला आणि तिथंच वाचायला लागला. निर्लज्ज!

"घर सोडताय?"

"पुण्यात नोकरी लागलीय. महिनाभरात रुजू व्हायचंय. पण तुमचे बाबा म्हणतात, करार अकरा महिन्यांचा... सातव्यात सोडलात तर डिपॉझिट विसरा."

घरमालक फत्तेसिंहराव तसे देवमाणूस. फक्त भाडेकरूला माणसात धरत नसत.

"कलम नऊ वाचलंत?" उन्मेषनं बोट ठेवलं. "दोघांपैकी कुणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतं. अकरा महिने राहायलाच हवं, असं कुठंही लिहिलेलं नाही."

"मग तुमचे बाबा...?"

"त्यांनी कधी वाचलाय? जुना करार माझ्यापुढं टाकतात, मी नाव-तारीख बदलतो. सही करताना तुम्ही तरी कुठं वाचलात!"

तिचे कान तापले. हाच माणूस दर रविवारी ओल्या तुरीच्या दाण्यांच्या लीलवा कचोरीची पुडी घेऊन जिना चढायचा. "चार जास्त झाल्या," म्हणायचा. आणि आज दार दाखवतोय? राग यायला हवा होता की आनंद, हेच तिला कळेना.

"नोटीस द्या, पोच घ्या. महिन्याचं भाडं भरा, बाकी डिपॉझिट तुमचं. मी लिहून देऊ?"

"मला घालवायची एवढी घाई?"

"घाई...?" तो कागदाची कड दुमडत राहिला. "डिपॉझिट अडकलेलं असताना तुम्ही थांबलात तर... पैशासाठी थांबलात की आणखी कशासाठी, ते मला जन्मात कळायचं नाही."

"बेन, केटली कॉपी?" किती प्रती काढायच्या, म्हणून गुजराती दुकानदार तिसऱ्यांदा ओरडला.

संध्याकाळी नोटीस हातात पडल्यावर फत्तेसिंहरावांनी कलम नऊ दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. "हे कुणी घातलं, रे?"

"तुमच्याच करारातलं आहे, बाबा."

त्यांनी चरफडत पोच दिली. मधुवंती मोकळी झाली. आता तिला कुणी अडवत नव्हतं... आणि पाय मात्र जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून हलेनात.

मागून उन्मेष आला.

"उन्मेष, पुण्यात लीलवा कचोरी मिळते?"

"नाही बहुतेक. इथून न्यायची म्हटली तर... पोचेपर्यंत गार होईल."

ती पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, "गार चालेल. तू येशील ना?"