कल्टी

बस स्टँडच्या चौकशीच्या खिडकीवर लोक काय वाटेल ते विचारतात, पण ‘कल्टी मारणे’ हा शब्द आला कुठून, असं आजवर तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिला हसूच फुटलं.

विचारणारा शब्दकोशाच्या कचेरीतला होता, बोलण्यातले शब्द गोळा करत गावभर भटकायचा. पतंगवाले म्हणाले, पतंग गोता खातो ती कल्टी. ड्रायव्हर म्हणाले, गाडी कलंडते ती. कॉलेजातल्या पोरांना तास बुडवण्यापलीकडे अर्थच ठाऊक नव्हता. खरं मूळ कुणालाच धड सांगता येईना. आणि कचेरीची रीत अशी, की प्रत्येक अर्थाला बोलणाऱ्याच्या तोंडचंच वाक्य हवं, मनचं रचलेलं चालायचं नाही.

“एक वाक्य द्या ना,” तो म्हणाला.

“माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं लग्नाच्या आदल्या दिवशी कल्टी मारली,” ती बोलून गेली… आणि तिनं जीभ चावली.

त्यानं कीव केली नाही. वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, नि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच, काहीतरी निमित्त काढून. खिडकीच्या जाळीशी त्याची बोटं दिसली की ती मनातून फुलून यायची, आणि लगेच घाबरायची. तो आवडायला लागला होता, हीच तर भीती होती. मावशीही बजावायची, पुन्हा तोंडघशी पडू नकोस.

एकदा जाता जाता तो म्हणाला, “उद्या जरा बोलायचंय… खिडकीबाहेर याल?”

झालं. काम संपलं असणार, निरोप घ्यायला येत असणार. दुसऱ्या दिवशी तिनं एका आजींना भलताच फलाट सांगितला. तेवढ्यात तो लांबून येताना दिसला — इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. तिनं खिडकी लावली नि मागच्या दारानं सटकली.

कोपऱ्यापर्यंत जाऊन ती धापा टाकत थांबली. तेव्हा कुठे कळलं, आपण काय केलं ते. ती एकदा अशीच दारात ताटकळली होती. तिकडे आता तो ताटकळत असेल. तिला रडूच आलं, आणि ती आल्या वाटेनं पळत सुटली.

तो तिथेच होता, चेहरा पांढराफटक.

“मी कल्टी मारली होती,” ती म्हणाली. “तुम्ही जाल, म्हणून मीच आधी गेले.”

“मी कुठे जाणार? मी तर… लग्नाचं विचारायला आलो होतो. मीही घाबरलोय.”

“माझं मघाचं वाक्य छापू नका.”

“नाही छापत. पण उत्तर?”

मध्ये जाळी नव्हती. तिनं त्याचा हात धरला.

“घट्ट धरा,” ती म्हणाली. “मला अजून भीती वाटतेय.”